तोंड तेच, प्रश्न नवे

नाशिक, सांगली, नागपूर किंवा नवी मुंबईच्या कॉलेजातून बीडीएस होऊन, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमागे डब्लिनला आलेल्या दंतवैद्याची सुरुवातीची वर्षं बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खुर्चीशेजारी उभं राहण्यात जातात. पदवी युरोपियन युनियनबाहेरची असेल, तर आयर्लंडच्या डेंटल कौन्सिलची परीक्षा पास झाल्याशिवाय रजिस्ट्रेशन मिळत नाही. तोवर घर चालवायला डेंटल नर्सची नोकरी हाताशी असते. सक्शन धरायचं, सिमेंट कालवायचं, एक्स-रे लावून द्यायचा. डॉक्टर खालच्या दाढेला ब्लॉक देताना सुई अंमळ खालून जातेय हे दिसतं, पण बोलायचं नाही. असा दिवस गप्प राहून काढल्यावर, रात्री भांडी आवरून जी माणसं पुन्हा ट्रायजेमिनल नर्व्हच्या फांद्या काढत बसतात, त्यांनी आपल्यासारख्यांसाठी केलेली ही वही आहे. ती तयार करणाऱ्या मुली तिला पुस्तक म्हणायला अजूनही कचरतात. मी म्हणते.

परीक्षा नेमक्या कोणत्या, ते आधी सांगायला हवं, कारण घरून येणाऱ्या फोनवर सगळ्यांची एकच समजूत असते की ‘तिकडची नीट’ द्यायची आहे. डेंटल कौन्सिलची परीक्षा परवान्याची. ती दोन टप्प्यांत होते, आधी लेखी, मग प्रत्यक्ष काम. दुसरी परीक्षा रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स इन आयर्लंडच्या दंतशाखेच्या सदस्यत्वाची, एमएफडी. कॉलेज १७८४ चं आणि दंतशाखा १९६३ ची. सेंट स्टीफन्स ग्रीनसमोरच्या त्यांच्या जुन्या इमारतीच्या खांबांवर १९१६ च्या उठावातल्या गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. एमएफडी काढली म्हणजे पोस्ट ग्रॅज्युएशनची जागा मिळाली, असं होत नाही. ट्रिनिटी कॉलेजच्या डब्लिन डेंटल हॉस्पिटलात तीन वर्षांचा डॉक्टरेटचा क्लिनिकल अभ्यासक्रम आहे. तिथे अर्ज आणि मुलाखत असते, आणि अशा सदस्यत्वाचं वजन त्या अर्जाला पडतं. रँक लागली आणि काउन्सेलिंगला बसलो, हा प्रकार इथे नाही. आपल्याकडे एमडीएसच्या नऊ शाखा आहेत, तर इथल्या कौन्सिलने विशेषज्ञांची नोंद वर्षानुवर्षं दोनच शाखांत केली, ऑर्थोडॉन्टिक्स आणि ओरल सर्जरी. बाकी सगळं साध्या दंतवैद्याने निभवायचं. परीक्षेतले प्रश्न इतके पसरट का, याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं.

आपल्याकडची नीट-एमडीएस २०१७ पासून आली. २४० प्रश्न आणि तीन तास, म्हणजे प्रश्नाला पंचेचाळीस सेकंद. त्याआधीच्या सीईटीच्या काळातही तऱ्हा फार निराळी नव्हती. या परीक्षांनी आपल्या दोन-तीन पिढ्यांना उजळणीचं एक वळण लावलं. प्रश्न अर्धा वाचताच उत्तराचं अक्षर दिसायला हवं. ‘कॉपर वाढलं’ म्हटलं की ‘गॅमा-टू नाहीसा’. ‘लायसिल ऑक्सिडेज’ म्हटलं की ‘सबम्युकस फायब्रोसिस’. ही सवय टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. तिच्यामुळेच पंधरा वर्षांपूर्वी वाचलेलं अजून डोक्यात आहे. पण ती अर्ध्या वाटेवर सोडून जाते. इथला प्रश्न शब्दावरून सुरू होत नाही, माणसावरून होतो. बासष्ट वर्षांचा शेतकरी आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, दाढ काढायची आहे, तर पुढे काय? उत्तर फार्माकॉलॉजीत आहे, फिजिऑलॉजीत आहे आणि फोन उचलून त्याच्या डॉक्टरला काय विचारायचं यातही आहे.

मूळ दुखणं त्याहून जुनं आहे. बीडीएसच्या पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी, डेंटल मटेरियल्स. चौरसियांच्या पुस्तकातली चित्रं काढून व्हायव्हा दिला की तो विषय सुटला, आणि सुटला म्हणून सगळ्यांनी पेढे वाटले. पेशंट भेटतो तिसऱ्या वर्षी. तोवर इन्फ्राटेम्पोरल फॉसा कपाटात गेलेला असतो. ज्या विषयांना आपण ‘बेसिक’ म्हणतो त्यांची आणि पेशंटची गाठ कुणी घालून दिलीच नाही. ही वही ती गाठ घालते, आणि म्हणून मला ती मोलाची वाटते. तिच्यात विषयवार प्रकरणं नाहीत, तक्रारवार आहेत: ‘गाल सुजलाय’, ‘तोंड उघडत नाही’, ‘जीभ जळते’, ‘दात हलतो’. प्रत्येक तक्रारीखाली लागेल तेवढीच अ‍ॅनाटॉमी आणि लागेल तेवढंच औषध. समजावणं मराठीत, संज्ञा परीक्षेत येतील त्याच.

एक नमुना देते. रविवारी दुपारी डब्लिनच्या लुकन उपनगरात या मुली बसतात तेव्हा एकदा मीही गेले होते. नुकतीच आलेली एक जण म्हणाली, “ताई, लिग्नोकेनचा मॅक्सिमम डोस किलोला ४.४ मिलिग्रॅम ना?”

“हो गं. मग वीस किलोच्या पोराला किती कार्ट्रिज देशील?”

ती गप्प. आकडा पाठ होता, पण त्याचं काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे कितीतरी दवाखान्यांत तीस मिलीच्या बाटलीतून सिरिंज भरतात, नाहीतर १.८ मिलीची कार्ट्रिज असते. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये सर्रास मिळते ती २.२ मिलीची. दोन टक्के द्रावण म्हणजे एका मिलीत वीस मिलिग्रॅम, म्हणजे इथल्या एका कार्ट्रिजमध्ये ४४. वीस किलोच्या पोराची मर्यादा ८८. दोन कार्ट्रिज झाल्या की हात थांबवायचा. सत्तर किलोच्या माणसाला सात. तेच गणित १.८ मिलीच्या हिशेबाने केलं तर मोठ्या माणसाला आठ बसतात आणि उत्तर चुकतं. आता त्याच आकाराच्या कार्ट्रिजमध्ये चार टक्के आर्टिकेन असेल तर एकीतच ८८ मिलिग्रॅम आलं. त्याची मर्यादा किलोला ७, म्हणजे त्या पोराला १४०. दुसरी कार्ट्रिज पुरती रिकामी करता येणार नाही. वहीत हे गणित चार ओळींत आहे, आणि ते डोळे मिटून करता येईपर्यंत पुढचं पान उलटू नये.

ब्लॉकचं प्रकरणही असंच बारीक नजरेने लिहिलंय. समोरच्या बाजूच्या प्रीमोलरवरून सिरिंज आणायची, टेरिगोमँडिब्युलर रॅफे कुठे दिसतो, हाड किती खोलवर लागतं, सुई फार मागे गेली तर पॅरोटिडमध्ये औषध पडून तासभर चेहरा वाकडा का होतो, लहान मुलाचं फोरॅमेन खाली का असतं. ज्याला ही कारणं कळली त्याला आकृती पाठ करावी लागत नाही. या प्रकरणात एक तपशील मी हट्टाने घालायला लावला. त्वचेखाली औषध सोडण्याचा पहिला नोंदलेला प्रयोग डब्लिनचा आहे. १८४४ मध्ये मीथ हॉस्पिटलात फ्रान्सिस रिंड या सर्जनने चेहऱ्याच्या कळांनी वर्षानुवर्षं हैराण झालेल्या एका बाईला मॉर्फिन दिलं, तेही दट्ट्याशिवायच्या, द्रव आपल्या वजनाने खाली उतरेल अशा उपकरणाने, दुखऱ्या मज्जातंतूंच्या वाटेवर. पुढच्या वर्षी त्याने ते छापलं. कोकेन वापरून खालच्या जबड्याची नस बधिर करायला अमेरिकेत आणखी चाळीसेक वर्षं जायची होती. परीक्षेत रिंड विचारत नाहीत. तरीही ट्रायजेमिनल नर्व्हची उजळणी करणाऱ्याने, ते हॉस्पिटल जिथे होतं त्या हीटस्बरी स्ट्रीटवरून जाताना एकदा मान वळवून बघावं असं मला वाटतं.

पॅथॉलॉजीत आपली माणसं पुढे असतात, आणि तिथेच ठेचाळतात. नागपूरच्या ओपीडीत खर्रा खाणाऱ्याचं, साताऱ्या-सांगलीकडे मावा खाणाऱ्याचं न उघडणारं तोंड ज्याने बघितलंय, त्याला सबम्युकस फायब्रोसिस चित्रावरून ओळखावा लागत नाही. गालाला बोट लावलं की पट्टे लागतात. सुपारीतल्या अरेकोलिनने कोलॅजन वाढतं, तांब्याने ते आणखी घट्ट होतं, हे आपण तोंडपाठ म्हणतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने एर्नाकुलममधले रुग्ण सतरा वर्षं तपासत राहून त्यांतल्या ७.६ टक्के जणांना कॅन्सर झाल्याचं १९८५ मध्ये दाखवलं. जगभरच्या पुस्तकांत तो आकडा आहे. डब्लिनच्या परीक्षकासमोर हे सांगताना आवाज चढतो, आणि चढावाही. मग तोच परीक्षक एका वयस्कर, गोऱ्यापान माणसाच्या नाकाच्या कडेला असलेल्या मोत्यासारख्या कडांच्या व्रणाचा फोटो पुढे करतो, आणि आपण अडतो. बेसल सेल कार्सिनोमा. शेफरच्या पुस्तकात तो आपण वाचलेला असतो, पण आपल्या सावळ्या त्वचेत तो क्वचितच दिसतो म्हणून सोडून दिलेला असतो. इथे त्वचेचे कॅन्सर सगळ्यांत जास्त आढळणाऱ्यांपैकी आहेत. गंमत अशी की १८२७ मध्ये पापणीवरच्या या व्रणाचं नेमकं वर्णन केलं ते डब्लिनच्याच आर्थर जेकबने, आणि कितीतरी वर्षं तो जेकबचा व्रण म्हणूनच ओळखला जाई. न्यूरोफायब्रोमॅटोसिसचंही तेच. नाव जर्मनीच्या रेक्लिंगहाउझेनचं लागलं, तरी त्याच्या आधी १८४९ मध्ये ट्रिनिटीच्या रॉबर्ट स्मिथने त्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता.

याच धाग्यावर वहीतलं रक्ताचं प्रकरण बांधलंय. विदर्भात, नंदुरबार-गडचिरोलीकडे पोस्टिंग केलेल्याला सिकल सेल माहीत असतो, थॅलेसेमियाचा चेहरा माहीत असतो. आयर्लंडमध्ये ज्यांची चौकशी आधी करायची ते आजार दुसरे. हिमोक्रोमॅटोसिस आणि सिस्टिक फायब्रोसिस या दोन्हींचं प्रमाण या बेटावर जगात सर्वांत वरच्या पायरीवर आहे. गव्हाने होणारा सीलिअ‍ॅक आजारही आहे, जो कधीकधी पहिल्यांदा दंतवैद्यालाच दिसतो: सारखे येणारे छाले आणि पुढच्या दातांच्या इनॅमलवरचे दोन्हीकडे सारखे दोष. हे पान लहान आहे, वाढवायला हवं होतं.

पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री हा आपल्याकडे परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचा विषय. सोबेन पीटरांचं जाड पुस्तक, त्यातल्या याद्या, आणि ‘फ्लोराइडचं योग्य प्रमाण: १ पीपीएम’. इथे आल्यावर त्याची बाजू उलटते. आयर्लंडने १९६० मध्ये कायदा करून सार्वजनिक पाण्यात फ्लोराइड घालणं बंधनकारक केलं. ग्लॅडिस रायन या डब्लिनच्या गृहिणी त्याविरुद्ध थेट कोर्टात गेल्या: माझ्या मुलांच्या पोटात काय जावं हे सरकार कसं ठरवतं? खटला त्या हरल्या. १९६४ मध्ये डब्लिनच्या नळाला फ्लोराइड आलं. पण निकालात न्यायालयाने एक गोष्ट मान्य केली की माणसाला स्वतःच्या शरीराच्या अखंडतेचा हक्क आहे, राज्यघटनेत तो शब्दांनी लिहिलेला नसला तरी. आयर्लंडचा कायदा शिकणारे विद्यार्थी हा खटला शिकतात, दातांचे विद्यार्थीही शिकतात. दाताच्या एका प्रश्नावरून घटनेचा अर्थ वाढलेला दुसरा देश मला ठाऊक नाही.

फ्लोराइडचं प्रमाण आधी ०.८ ते १ पीपीएम होतं, २००७ पासून ०.६ ते ०.८ वर आणलं. का आणलं, हा प्रश्न येतो. टूथपेस्टमधूनही फ्लोराइड पोटात जाऊ लागलं आणि दातांवरचे फिकट पांढरे डाग वाढले. सीमेपलीकडच्या उत्तर आयर्लंडमध्ये नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालत नाहीत, त्यामुळे तुलना आयतीच हाती लागते. २००२ च्या दोन्हीकडच्या शाळकरी मुलांच्या पाहणीत दक्षिणेच्या फ्लोराइडवाल्या भागात कीड कमी आणि सौम्य फ्लुओरोसिस जास्त, असं चित्र दिसलं. आता याच्या शेजारी यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडचं किनवट ठेवून बघा. तिथे बोअरच्या पाण्यातलंच फ्लोराइड दातांवर तपकिरी पट्टे उठवतं आणि पुढे हाडं धरतं. आपली चिंता काढायची, यांची घालायची. भारतीय मानक १ मिलिग्रॅमचं, पर्याय नसेल तिथे १.५ पर्यंत. आणि ‘१ पीपीएम’ हा आकडा तरी सगळीकडे एकच कसा असेल? मे महिन्यात चंद्रपूरचा माणूस किती पाणी पितो आणि डब्लिनचा किती? हवेचं तापमान घेऊन फ्लोराइडचं प्रमाण काढण्याचं १९५७ चं सूत्र याच साध्या कारणावर उभं आहे. आपण ते सूत्र पाठ केलं होतं, पण त्यात तापमान कशाला घातलंय हे विचारलं नव्हतं. या प्रकरणाला वहीत सर्वांत जास्त पानं दिलीत, आणि ती योग्य दिलीत.

डेंटल मटेरियल्समधला अ‍ॅमलगमचा भाग काढून टाकावा का, यावर या मुलींचं बरंच वाजलं. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी चांदी भरणं थांबवलं होतं, आणि १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीय गरज सोडली तर, सगळ्यांसाठीच. मग गॅमा-टू कशाला वाचायचा? माझं मत ठाम आहे: वाचायचा. भरणं बंद झालं म्हणून भरलेलं कुणाच्या तोंडातून गेलेलं नाही. आयर्लंडच्या साठीतल्या माणसाच्या दाढा बघा, चांदीने भरलेल्या असतात. त्यांच्या कडा का तुटतात, गंज कुठे धरतो, जुन्या कमी तांब्याच्या मिश्रणात कमकुवत भाग कोणता, हे कळल्याशिवाय कोणती काढायची आणि कोणती राहू द्यायची हे ठरत नाही. बदलला तो एवढाच भाग की आता प्रश्न ‘कसं भराल’ असा येत नाही.

काही गोष्टी मात्र खरोखर पुसाव्या लागतात. हृदयाच्या झडपेचा आजार असला की दात काढण्याआधी अँटिबायोटिक, हे आमच्या पिढीच्या हातात बसलेलं. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेले रुग्ण इतके, की ते सूत्र डोळ्यांसमोर खरं ठरत होतं. २००७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते फक्त सर्वाधिक धोक्याच्या रुग्णांपुरतं ठेवलं. २००८ मध्ये ब्रिटनच्या नाइस या मार्गदर्शक संस्थेने दातांच्या कामाआधी असा वापरच नको म्हटलं. २०२१ मध्ये अमेरिकनांनी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांना द्यायचं क्लिंडामायसिनही यादीतून काढलं. जुन्या नोट्स घेऊन बसणाऱ्याच्या हाती यातलं कोणतं उत्तर लागेल, ते नोट्स कुठल्या साली झेरॉक्स केल्या यावर ठरतं. म्हणून वहीतल्या प्रत्येक औषधाच्या पानावर वर्ष टाकलंय. सगळ्यांनी उचलावी अशी ही सवय आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. ऑर्थोडॉन्टिक्स उरकलंय. मायक्रोबायोलॉजीचं प्रकरण तीन हातांनी लिहिल्यासारखं वाटतं आणि तसंच ते आहे. दातांच्या क्रमांकांत मध्येच एफडीआयचा २६ येतो आणि मध्येच पामरच्या चौकटीतला ६. परीक्षेत दोन्ही चालतील, पण एका पानावर दोन्ही नकोत. हिस्टॉलॉजीच्या चित्रांना मात्र तोड नाही. पहिल्या वर्षाच्या जर्नलमध्ये जशी जांभळ्या-गुलाबी पेन्सिलीने काढायला लावत, तशीच ती काढलीत. ज्या मुलीने ती काढली तिने इनॅमल ऑर्गनच्या बेल स्टेजमधल्या चारही थरांच्या शेजारी, त्या थरात बिघाड झाला तर दातात काय दिसेल ते लिहिलंय. इतकी सरळ मांडणी मी छापील पुस्तकांतही कमी बघितली.

माझा मोठा वाद प्रकरणांच्या क्रमाशी आहे. खुर्चीवरच्या इमर्जन्सीचं प्रकरण शेवटी टाकलंय, कारण ते सगळ्यांना येतं अशी समजूत. ते कुणालाच पुरतं येत नाही. पेशंटला अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला, श्वास लागला, रक्तदाब पडला. मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या स्नायूत अ‍ॅड्रेनलिन १:१००० चं अर्धा मिली, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम, आणि लगेच अँब्युलन्सला फोन. कार्ट्रिजमधलं १:८०,००० चं अ‍ॅड्रेनलिन याच्या ऐंशीपट पातळ. एका २.२ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये ते साडेसत्तावीस मायक्रोग्रॅम भरतं, म्हणून ते इथे उपयोगाचं नाही. मात्र हृदयाच्या पेशंटला ब्लॉक देताना तेच मोजावं लागतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की फार्माकॉलॉजी, फिजिऑलॉजी आणि अ‍ॅनाटॉमी एका पानावर येतात. संकलकांनी क्रम बदलायला नकार दिला, तो त्यांचा हक्क. वाचणाऱ्याने मात्र वही मागून उघडावी, हे प्रकरण आधी पुरं करावं, आणि मग ‘गाल सुजलाय’कडे वळावं.